टेपवर लिहून ठेवलेली आज्ञा : ‘अमांडा’ आणि नेटवर्क बॅकअपचा इतिहास

🧵 १/
‘अमांडा’ ही नेटवर्कवरील संगणकांचा बॅकअप घेणारी मुक्तस्रोत प्रणाली. तिने चुंबकीय टेपवर उतरवलेल्या प्रत्येक प्रतीच्या आरंभी साध्या अक्षरांत एक मजकूर असतो : प्रत कोणत्या यंत्राची, कोणत्या दिवसाची आणि ती परत मिळवण्यासाठी कोणती आज्ञा द्यावी. उद्या अमांडाच हाताशी नसली, तरी माहिती परत मिळावी, हा त्यामागचा हेतू.

२/
या प्रणालीचा जन्म १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील मॅरिलंड विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात झाला. वर्कस्टेशन्सची संख्या वाढत होती, प्रत्येकाची डिस्क स्वतंत्र होती. एकामागून एक यंत्राची प्रत घ्यावी, तर रात्र अपुरी पडे.

३/
दुसरी अडचण टेपची होती. त्या काळच्या ८ मिलिमीटर टेपमध्ये सुमारे २ गिगाबाइट माहिती मावे; पण तिला अखंड प्रवाह लागे. नेटवर्कवरून येणारा ओघ मंदावला की टेप थांबे, थोडी मागे जाई आणि पुन्हा पुढे सरके. यात वेळ जाई, टेपही झिजे.

४/
जेम्स द सिल्व्हा आणि ओलाफुर गुडमुंडसन यांनी टेपच्या आधी एक डिस्क ठेवली : ‘होल्डिंग डिस्क’. अनेक यंत्रांच्या प्रती एकाच वेळी तिच्यावर उतरत आणि पूर्ण झालेली प्रत तेथून सलग वेगाने टेपवर जाई. १९९२ साली हे काम यूझनिक्स परिषदेत मांडले गेले.

५/
याचा आणखी एक लाभ झाला. रात्री चुकीची टेप लागली, तरी डिस्कवर मावेल तेवढे काम पार पडे. सकाळी योग्य टेप लावून ‘ॲमफ्लश’ ही आज्ञा दिली की साठलेल्या प्रती टेपवर जात.

६/
दोष रात्रीपूर्वीच हाती यावा, यासाठी ‘ॲमचेक’ ही आज्ञा आहे. टेप योग्य आहे का, डिस्कवर जागा आहे का, प्रत्येक यंत्र उत्तर देते का, हे ती तपासते. उत्तर आले नाही, तर प्रशासक पाहतो : यंत्र सुरू आहे का? तेथील अमांडाची सेवा चालू आहे का? फायरवॉल वाट अडवते का? बॅकअप सर्व्हरला परवानगी देणारी नोंद त्या यंत्रावर आहे का? काम संपल्यावर ईमेलने अहवाल येतो.

७/
२००० साली केर्न सिबाल्ड यांनी ‘बॅक्युला’ या प्रणालीचे काम सुरू केले. २००२ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. तिचा मार्ग निराळा : प्रतींचे स्वरूप स्वतःचे आणि कोणती फाइल कोठे आहे याची सूची डेटाबेसमध्ये. ही सूचीच गमावली तर? त्यासाठी टेप वाचून सूची पुन्हा उभी करणारे ‘बीस्कॅन’ हे साधन सोबत दिले गेले.

८/
ही सावधगिरी अनाठायी नव्हती. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसची फाइल-निर्देशिका पुसली. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम ४.५ उरले. नेहमीचा बॅकअप शोधला, तर साठवणीची जागा रिकामी! प्रत घेणाऱ्या साधनाची आवृत्ती ९.२ आणि डेटाबेसची ९.६ असल्याने ते काम अपयशी ठरत होते. त्याची सूचना देणारे ईमेल पाठवले जात. पण प्रेषकाच्या पडताळणीअभावी मेल सर्व्हर ते नाकारत असे.

९/
सुमारे ६ तासांपूर्वी एका अभियंत्याने अन्य कामासाठी हाताने घेतलेली प्रत उपयोगी पडली. त्यानंतरच्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

१०/
बॅकअपचे खरे संकट म्हणजे कोणाच्याही लक्षात न आलेले अपयश. म्हणूनच अहवाल आला नाही, तर जाणता प्रशासक निश्चिंत होत नाही, चौकशी करतो; आणि काहीही हरवलेले नसताना ठरावीक काळाने एखादी जुनी फाइल परत मिळवून पाहतो.

(समाप्त)