१३० डॉलरांचा अतिमानव

लहानपणीं ज्या देवळांतील मूर्ति आभाळाएवढी वाटली, तीच मोठेपणीं पाहिली असतां जेमतेम कमरेइतकी भरते, हा अनुभव पुष्कळांचा असेल. सन २०२५ च्या जुलै महिन्यांत जेम्स गन यांनीं दिग्दर्शित केलेला ‘सुपरमॅन’ हा नवा बोलपट प्रसिद्ध झाला, तेव्हां भाच्याचा हात धरून चित्रगृहांत शिरतांना मनांत हीच धास्ती होती. सन १९७८ मधील ख्रिस्तोफर रीव्ह यांचा सुपरमॅन शाळकरी वयांत पाहून, आजीचें तांबडें लुगडें खांद्यांस बांधून ओट्यावरून उडी टाकणाऱ्या मुलांपैकीं मी एक होतों. त्या उड्डाणाची खूण अद्याप गुडघ्यावर आहे.

परंतु मूर्ति लहान झाली नव्हती. नव्या बोलपटांतील नायक आरंभींच मार खाऊन बर्फांत कोसळतो, आणि त्याचा अवखळ कुत्रा त्याला फरफटत घरीं नेतो. माझा भाचा खदखदां हंसला. मलाहि हा घायाळ वीर अधिक जवळचा वाटला. मात्र माझें मन अडकलें तें दुसऱ्याच ठिकाणीं. खेळ संपल्यावर पडद्यावर नांवांची जी रांग सरकूं लागते, तींत दोन नांवें होतीं : जेरी सीगल व जो शुस्टर. सुपरमॅनचे हे जनक. त्यांचीं नांवें तेथें येण्यास जो झगडा करावा लागला, तो कोणत्याहि पराक्रमकथेहून कमी नाहीं.

दोघांचाहि जन्म सन १९१४ चा. दोघेहि युरोपांतून आलेल्या ज्यू कुटुंबांतील. सीगल हा अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरींच जन्मला. शुस्टर हा कॅनडांतील टोरांटोचा, परंतु बालपणींच क्लीव्हलंडला आला. ग्लेनव्हिल येथील शाळेंत त्यांची मैत्री जमली. एक लाजाळू, गोष्टी रचणारा. दुसरा कमजोर दृष्टीचा, चित्रें काढणारा. सन १९२९ नंतरच्या महामंदीनें लक्षावधि कुटुंबांस रस्त्यावर आणलें, तो हा काळ. सीगलच्या वडिलांचें जुन्या कपड्यांचें दुकान होतें. सन १९३२ च्या जून महिन्यांत दुकानांत चोर शिरले. त्या प्रसंगीं वडील जे कोसळले ते पुन्हां उठले नाहींत. बंदुकीच्या गोळीस न भिणारा रक्षक अशा घरांतील मुलास सुचावा, यांत नवल तें काय?

तरी पहिला प्रयत्न उलटाच होता. सन १९३३ मध्यें या मुलांनीं स्वतः छापलेल्या एका लहानशा मासिकांत जो अतिमानव अवतरला, तो दुष्ट होता. फुकट अन्नासाठीं रांगेंत उभा असलेला एक भणंग मनुष्य. त्यास शास्त्रज्ञाच्या प्रयोगानें अचाट शक्ति लाभते आणि तो जग जिंकूं पाहतो. शक्तीनें माणूस बिघडतो, ही ती कथा. पुढें त्यांनींच प्रश्न फिरविला : शक्ति लाभूनहि जो बिघडत नाहीं, असा कोणी असला तर? या एका प्रश्नांतून आजचा सुपरमॅन जन्मास आला.

हा नायक घेऊन ते कित्येक वर्षें वर्तमानपत्रांचे उंबरे झिजवीत राहिले. अखेर सन १९३८ च्या मार्च महिन्यांत न्यूयॉर्कच्या एका प्रकाशन-संस्थेनें १३ पानांची कथा दर पानास १० डॉलर या भावानें घेतली. एकूण १३० डॉलर. आणि सहीबरोबर नायकावरील सर्व हक्कहि कायमचे गेले. इतर कामाचे पैसे धरून चेक ४१२ डॉलरांचा आला. त्यावर दोघांचींहि नांवें चुकीचीं लिहिलीं होतीं!

जून १९३८ हा महिना छापलेला ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक १० सेंटांस विकला गेला. त्यांतील सुपरमॅन उडत नसे. एक अष्टमांश मैलाची उडी तेवढी घेई. उडावयास तो पुढें नभोवाणीच्या मालिकेंत व सन १९४१ पासूनच्या हलत्या चित्रांच्या बोलपटांत शिकला. पण पहिल्या अंकांतील त्याचीं कामें पाहावींत : फांशीच्या दारीं उभ्या असलेल्या निरपराध स्त्रीस सोडविणें, बायकोस मारणाऱ्या नवऱ्यास वठणीवर आणणें, लोकप्रतिनिधीशीं संगनमत करणाऱ्या लबाडाचें बिंग बाहेर काढणें. पुढें सन १९४६ मध्यें नभोवाणीवरील एका मालिकेंत त्यानें बुरखेधारी वर्णद्वेष्ट्यांच्या टोळीपासून एका चिनी-अमेरिकन कुटुंबाचें रक्षण केलें. ज्याचा कोणी वाली नाहीं त्याचा वाली, हेंच त्याचें मूळ रूप होय.

आणि त्याच्या जनकांचा वाली कोण? नायकाच्या नांवावर खेळणीं, मालिका व बोलपट यांचा पूर लोटला. यांना पानांची मजुरी मिळे, मालकी नव्हे. सन १९४७ मध्यें ते न्यायालयांत गेले. पुढील वर्षीं कांहीं रक्कम घेऊन तडजोड झाली. हक्क परत आले नाहींत, आणि नायकाबरोबर छापलें जाणारें त्यांचें नांवहि गेलें. वयाच्या साठीला सीगल लॉस एंजल्समध्यें कारकुनी करीत होता. शुस्टर जवळजवळ आंधळा होऊन न्यूयॉर्कमध्यें भावाच्या आश्रयास राहिला होता.

येथें प्रकाशकांची बाजूहि ऐकली पाहिजे. करार कायदेशीर होता. ज्या कथेस कोणी विचारीत नव्हतें, तिच्यावर त्यांनीं पैसा लावला. हें सर्व खरें; परंतु कायद्यानें जें देणें उरत नाहीं, तें माणुसकीनेंहि उरत नाहीं काय?

सन १९७५ मध्यें सुपरमॅनवर मोठा बोलपट निघणार असल्याचें कळतांच सीगलनें संतापून वृत्तपत्रांस निवेदन धाडलें आणि त्या बोलपटास चक्क शाप दिला. नील ॲडम्स व जेरी रॉबिन्सन हे चित्रकथाकार या दोघां वृद्धांच्या पाठीशीं उभे राहिले, लोकमत खवळलें. डिसेंबर १९७५ मध्यें मालक-संस्थेनें प्रत्येकीं सालीना २०,००० डॉलर देण्याचें मान्य केलें, आणि नायकाबरोबर जनकांचें नांव पुन्हां देऊं केलें. पुढें शुस्टर १९९२ मध्यें व सीगल १९९६ मध्यें वारला. तो ४१२ डॉलरांचा चेक सन २०१२ मध्यें लिलांवांत १,६०,००० डॉलरांस गेला.

म्हणजे ज्या बोलपटाच्या वेडानें मीं गुडघा फोडून घेतला, त्याच्याच निमित्तानें हीं नांवें परत आलीं होतीं. तीं तेव्हांहि पडद्यावर होतीं. मीं वाचलीं नाहींत. मुलाचें लक्ष उडणाऱ्याकडे असतें. त्याला पंख कोणी दिले, हें पाहण्यास थोडें वय व्हावें लागतें. बालपणींच्या नायकाकडे परत जाण्याचा हाच लाभ.

नांवांची रांग सरकूं लागतांच भाचा उठून दाराकडे निघाला. मीं त्याची बाही धरली व म्हणालों, “थांब, हीं दोन नांवें वाच.” त्यानें अडखळत वाचलीं आणि विचारलें, “मामा, हे कोण?”

घरापर्यंतची वाट तेवढ्या उत्तरास पुरली नाहीं.