हजेरीपटात नसलेला सण

आपल्या वर्गात अलिबागच्या इस्राएल आळीतली एक मैत्रीण होती. दरवर्षी भाद्रपद-आश्विनात ती एक दिवस हमखास गैरहजर असायची. बाईंनी विचारलं की म्हणायची, "बाई, काल दर्फाळणी होती." आपण हसायचो. हा कसला सण, हे दहावीपर्यंत एकानेही विचारलं नाही. पुढे ते कुटुंब इस्रायलला गेलं. यंदा मेळाव्याच्या निमित्ताने मी तिच्या समाजाचा इतिहास वाचला.

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया नवगावच्या किनाऱ्याला लागल्या, असं त्यांची परंपरा सांगते. पोथ्या समुद्रात गेल्या. ते तेलाचा घाणा चालवत, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'. शेमा ही एकच प्रार्थना त्यांना पाठ होती. डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू त्यांच्याकडे आला, तेव्हा बायकांनी टोपलीतले खवले आणि पर असलेले मासेच वेगळे काढले, त्यावरून त्याने त्यांना ओळखलं, अशीही कथा आहे. त्याने तिघांना धर्मविधी शिकवले.

पुस्तकं नव्हती, तेव्हा वर्षाचे सण लक्षात राहिले ते मराठी नावांनी. वर्षारंभ म्हणजे नव्याचा सण. त्यानंतर दहाव्या दिवशी दारं लावून घरात कडक उपास करायचा, ती दर्फाळणी, म्हणजेच योम किप्पूर. दुसऱ्या दिवशी शिळा सण. पुरीम होळीच्या सुमारास येतो, म्हणून होळीचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस बिरड्याचा. आम्ही कॉम्प्युटरवाले याला बॅकअप म्हणू. मूळ फाइल हरवली, पण प्रत स्वयंपाकघरात शाबूत राहिली.

पुस्तकी शिक्षण नंतर आलं. १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. १८३२ साली जॉन विल्सन यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं. हेतू ख्रिस्ती धर्मप्रसाराचा, पण समाजाने त्यातून हिब्रू घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थना मराठीत आणल्या. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा हिब्रू-मराठीत छापली गेली. तिच्यातल्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत समाजाची स्वतःची शाळा निघाली.

हे सगळं आपल्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. आपण जगाचा इतिहास पाठ केला, शेजारच्या बाकाचा मात्र राहिला.

मेळाव्याची पहिली तारीख शनिवारची होती. ग्रुपवर तिने एवढंच लिहिलं, "मला संध्याकाळी उशिरा जमेल." कारण तिने सांगितलं नाही आणि या वेळी कुणाला विचारावंही लागलं नाही. आपण मेळावा रविवारी ठेवला. ती येते आहे. तिच्या दर्फाळणीबद्दल आता तिच्याच तोंडून ऐकू या.