अंगणातील गाजरगवत : एका तणाचा इतिहास

मुंबई-हावडा लोहमार्गावर दुर्ग सोडून नागपूरकडे निघाले, की प्रथम रसमडा हे लहानसे स्थानक लागते. १९५६ च्या ऑक्टोबर अखेरपर्यंत हा सारा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या राज्यात मोडत असे. येथून जवळच असलेल्या भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी झाला. त्याच सुमारास पुण्यात एका अनोळखी रोपट्याने वनस्पतिशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. कारखान्याचा इतिहास नीट लिहून ठेवलेला आहे. त्या रोपट्याचा इतिहास मात्र देशातील असंख्य अंगणांत विखुरलेला आहे. आणि छत्तीसगढीत ज्याला बाडी म्हणतात ते घरामागचे परसही त्यातून सुटलेले नाही.

हे रोपटे म्हणजे गाजरगवत. पाने गाजराच्या पानांसारखी म्हणून हे नाव. बारीक पांढऱ्या फुलांमुळे कोणी त्याला पांढरफुली म्हणतात, कोणी चटकचांदणी. काँग्रेस गवत हे त्याचे सर्वांत रूढ नाव त्या फुलांना पांढऱ्या टोप्यांची उपमा देऊन पडले, असे सांगतात. वस्तुतः ते गवत नव्हे. सूर्यफुलाच्या कुळातील ती एक वनस्पती आहे आणि तिचे मूळ स्थान मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या प्रदेशात आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेतील आर. एस. राव यांनी १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिची भारतातील नवी नोंद प्रसिद्ध केली.

ती आली कशी? अमेरिकेने पी. एल. ४८० या कायद्यान्वये पाठविलेल्या गव्हाबरोबर आली, असे घरोघरी सांगितले जाते. इतिहासाच्या कसोटीवर हे उत्तर पुरते उतरत नाही. त्या कायद्याखालील भारताचा पहिला करार १९५६ च्या ऑगस्टमधला. पुण्यात रोपटे दिसले ते त्यापूर्वीच. १९५१ च्या कर्जाऊ मदतीतूनही अमेरिकी धान्य आले होते, तेव्हा बी त्यातून आले असणे अशक्य नाही. पण विल्यम रॉक्सबर्ग यांच्या १८१४ साली प्रसिद्ध झालेल्या कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या यादीतही या वनस्पतीचे नाव सापडते. म्हणजे तिचे पाऊल या भूमीवर एकदाच पडले, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. दोष परक्यावर टाकला, की आपल्या दारचे तण उपटण्याची निकड कमी वाटू लागते, हा मात्र अनुभव आहे.

प्रसाराचे कारण तिच्या जीवनक्रमातच आहे. उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात ती फुलू लागते. एका झाडापासून दहा ते पंचवीस हजार बिया तयार होतात. त्या इतक्या हलक्या, की वारा, पाणी, गाड्यांची चाके, बांधकामाची वाळू आणि शेणखत यांतून कोठेही पोहोचतात, आणि जमिनीत कित्येक वर्षे जिवंत राहतात. तिच्यातील पार्थेनिन या द्रव्याने शेजारच्या पिकांची वाढ खुंटते. माणसाच्या त्वचेला खाज सुटून चट्टे उठतात. पुण्यातील डॉक्टरांनी अशा त्वचारोगाचे रुग्ण १९६८ सालीच वैद्यकीय नियतकालिकात नोंदविले. परागकणांमुळे कित्येकांना शिंका आणि दम्याचाही त्रास होतो.

उपायही कमी झाले नाहीत. १९७५ साली कर्नाटकाने तिला कायद्याने उपद्रवी तण ठरविले. परंतु वाऱ्यावरच्या बियांना कायदा बजावता येत नाही. निवडुंगाचे उदाहरण डोळ्यांपुढे होते. १९२६ साली श्रीलंकेतून आणलेल्या एका किड्याने दक्षिण भारतातील फड्या निवडुंगाची बेटेच्या बेटे थोड्याच वर्षांत नाहीशी केली होती. त्याच विचाराने १९८३ साली मेक्सिकोतून झायगोग्रामा नावाचा भुंगेरा बंगळूर येथे आणण्यात आला आणि चाचण्यांनंतर पुढील वर्षी सोडण्यात आला. पावसाळ्यात तो गाजरगवताची पाने खाऊन झाडे पार निष्पर्ण करतो. परंतु पाऊस सरला, की तो मातीत दडून बसतो, आणि उरलेल्या ओलीवर गवत पुन्हा उगवते. निवडुंगाला मिळालेले यश येथे अर्धेच पदरी पडले.

तेव्हा उरतो तो जुनाच उपाय : हाताने उपटणे. पण त्याला वेळेचे बंधन आहे. पावसाने जमीन भिजलेली असताना, फूल येण्यापूर्वी, झाड मुळासकट उपटावे. नुसते कापल्यास ते बुडातून पुन्हा फुटते. हातांत मोजे आणि नाकातोंडावर फडके असावे. ज्यांना दमा वा त्वचेचा विकार आहे त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. फूल न आलेली झाडे खड्ड्यात घालून त्यांचे उत्तम कंपोस्ट होते. फुलावर आलेले झाड मात्र त्या खड्ड्यात टाकू नये, नाहीतर खताबरोबर बीही शेतात जाते. जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजरगवत निर्मूलनाचा सप्ताह पाळला जातो, तो पावसाळ्याचा हा नेमका हंगाम ओळखूनच.

उपटलेली जागा मोकळी ठेवली, तर ती पुन्हा गाजरगवताचीच होते. म्हणून तज्ज्ञ तेथे टाकळ्याचे बी पसरण्यास सांगतात. विदर्भात ज्याला तरोटा म्हणतात आणि छत्तीसगढात ज्याच्या कोवळ्या पानांची चरोटा भाजी आवडीने खातात, तोच हा टाकळा. पहिल्या पावसाबरोबर तो दाट उगवतो आणि गाजरगवताला ऊन व जागा मिळू देत नाही. परदेशातून भुंगेरा आणावा लागला. हा मदतनीस मात्र परसाच्या कुंपणापाशीच उभा होता.

एवढे करूनही एकट्याचे अंगण निर्मळ राहत नाही. शेजारच्या रिकाम्या भूखंडावर उभे असलेले एक झाड पुढल्या पावसात दोन्ही घरांच्या दारी उगवते. या तणाच्या सत्तर वर्षांच्या इतिहासात कायदा, औषध आणि कीटक यांनी आपापला वाटा उचलला. पण ज्या वस्तीने श्रावणातली एक सकाळ एकत्र येऊन दिली, तिचीच अंगणे दुसऱ्या वर्षी थोडी हलकी झाली. कुंपण माणसाने घातलेले असते. बी ते मानीत नाही.