मांजरांतील श्वसनविकार

पाळीव मांजरांना श्वास घेणे कठीण करणाऱ्या विकारांचा गट. नाक, श्वासनलिका, फुप्फुसे, फुप्फुसांभोवतीची पोकळी किंवा हृदय यांतील बिघाडाने, तसेच रक्तक्षय व विषबाधेने हे विकार होतात. मांजर दुखणे लपवते. कोपऱ्यात दडून बसणे आणि खाणे सोडणे एवढेच आधी दिसते. धाप उघड होते तेव्हा विकार बहुधा बळावलेला असतो.

ओळख : निरोगी मांजर झोपेत मिनिटाला साधारण १६ ते ३० श्वास घेते. छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. घुरघुर चालू असताना मोजू नये. झोपेतला आकडा वारंवार ३० च्या वर गेल्यास तपासणी करून घ्यावी. तोंड उघडून धापणे, मान ताणून व कोपरे अंगापासून दूर ठेवून बसणे, श्वासागणिक पोट आत-बाहेर होणे, हिरड्या निळसर वा पांढुरक्या दिसणे ही तातडीची लक्षणे होत.

कारणे : शिंका व चिकट डोळे यांमागे बहुधा हर्पीस किंवा कॅलिसी विषाणू असतो. दम्यात मांजर दबा धरल्यासारखे बसून खोकते. घशात केस अडकले असावेत असे समजून घरचे दुर्लक्ष करतात. चुलीचा धूर, उदबत्ती व डासांची कॉइल यांनी दमा वाढतो. हृदयस्नायू जाड होण्याच्या विकारात फुप्फुसांत किंवा त्यांभोवती पाणी साचते. साकोली तालुक्यातील सानगडीसारख्या धानाच्या गावात आणखी काही शक्यता ध्यानात घ्याव्या लागतात. बांधीतल्या गोगलगायी, बेडूक, उंदीर खाल्ल्याने फुप्फुसकृमी होऊ शकतात. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाने लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात व श्वासमार्गात स्राव साचतो. नाग वा मण्यार चावल्यास श्वसनाचे स्नायू लुळे पडतात.

तातडीची काळजी : धाप लागलेल्या मांजराला धरून दाबू नये, उताणे करू नये, तोंडात पाणी किंवा औषध घालू नये. ते ज्या स्थितीत बसेल तसेच हवेशीर टोपलीत किंवा खोक्यात ठेवून, उन्हापासून जपत, ताबडतोब न्यावे. निघण्यापूर्वी दवाखान्यात फोन करावा; श्वासाचे मोबाइलवर केलेले चित्रण निदानास उपयोगी पडते. पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. कापूर व निलगिरी तेलही अपायकारक असते.

उपचार : आधी प्राणवायू, मग क्ष-किरण, हाच क्रम सुरक्षित, कारण तपासणीची झटापट मांजराचा जीव घेऊ शकते. छातीत साचलेला द्रव सुईने काढतात, हृदयविकारात मूत्रल औषधे व दम्यात स्टेरॉइड देतात. नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय सानगडीहून रस्त्याने दोन-तीन तासांवर आहे. म्हणून आधी जवळच्या पशुवैद्याकडून मांजराला स्थिर करून घेऊन मगच पुढचा प्रवास करणे श्रेयस्कर.

प्रतिबंध : पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांपासून त्रिगुणी लस सुरू करतात व सोळा आठवड्यांपर्यंत तिच्या मात्रा देतात. ही लस हर्पीस व कॅलिसीची तीव्रता कमी करते, संसर्ग पूर्णपणे रोखत नाही. नियमित जंतनाशन करावे, फवारणीच्या दिवसांत मांजर घरात ठेवावे आणि हृदयविकार असलेल्या मांजराच्या झोपेतल्या श्वासांची नोंद ठेवावी.