भोर घाटात अडकलेली मामेबहीण

दिवाळीच्या सुट्टीत माझी मामेबहीण लॅपटॉप घेऊन आमच्याकडे कुसगावला आली. बीएचं शेवटचं वर्ष, विषय इतिहास, प्रकल्प बोरघाटातल्या रेल्वेचा. म्हणाली, "दादा, तू इंजिनियर ना? मग तूच शोध. नेटवर जुनं काहीच नाहीये."

काहीच कसं नसेल? १८५६ ला काम सुरू झालं, १८६३ ला घाटातून गाडी धावली, वाटेत २५ बोगदे. एवढं काम कागदाशिवाय होतं होय?

मी कोड लिहून पोट भरतो. त्यामुळे एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे: सर्चला गाव कळत नाही, अक्षरं कळतात. ती आजच्या स्पेलिंगनं शोधत होती. रेल्वे बांधणारे साहेब मात्र लोणावळा लिहायचे एल-ए-एन-ओ-डब्ल्यू-एल-डबल ई. बोरघाटातल्या 'बी'ला 'एच' जोडून त्यांनी त्याचा भोर घाट केला होता. (तो 'एच' सांगितल्यावर बाईसाहेब अर्धा तास भोर संस्थानाची माहिती वाचत बसल्या, ते सोडा.)

१८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर इंटरनेट अर्काईव्हवर फुकट आहे, तीन भागांत. त्यात गावांच्या नावांतल्या 'ए'वर बारीक रेघा आहेत. स्कॅन वाचताना मशीन त्या रेघांपाशी अडखळतं आणि भलतंच अक्षर टिपतं. म्हणून अख्खं नाव टाकू नका, रेघ नसलेला अर्धा तुकडा टाका. शोधगंगेवर वेगळीच अडचण. तिथे पीएचडीचे प्रबंध मोफत मिळतात, पण बरेचसे मराठी प्रबंध म्हणजे नुसते पानांचे फोटो. तिथे सर्च विसरा, अनुक्रमणिका उघडा आणि वाचा.

खरी गंमत पुढे होती. बहिणीला कामगार हवे होते. 'वर्कर' टाकलं, हाती काही लागलं नाही. 'कुली' टाकल्यावर आकडे आले: १८६१ च्या सुमारास घाटात ४२ हजारांवर माणसं राबत होती. मग मी सुचवलं, 'रायट' टाकून बघ. आणि १८५९ चा जानेवारी उघडला. पोटकंत्राटदारांनी मजुरी थकवली म्हणून मजूर गोऱ्या मुकादमांवर चालून गेले, सरकारी चौकशी झाली, आणि मार्चमध्ये कंत्राटदार फॅव्हिएलनं काम सोडलं. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारला. कंत्राट पुढे चालवलं ते त्याच्या बायकोनं, ॲलिसनं. इयन केर यांनी १९९५ च्या पुस्तकात या मजुरांवर सविस्तर लिहिलंय.

म्हणजे मजुरानं निमूट दगड फोडला तर तो आकड्यात जमा. दगड उचलून मारला, तरच त्याच्यावर पानं खर्च होणार, आणि तीही 'दंगा' या शब्दाखाली. डेटाबेस नवा असला तरी आतले शब्द कागद लिहिणाऱ्याचेच.

"फॅव्हिएल आहे, ट्रेडवेल आहे, ॲलिस आहे," बहीण म्हणाली. "आपल्यातलं नाव एकही नाही."

नव्हतंच. मी आणखी तासभर खटपट केली. तोवर तिनं मामाला फोन लावला होता: आपल्यातलं कुणी घाटात कामाला गेलं होतं का? मामा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आत्याला विचारून सांगतो. पण उद्या सकाळी, आत्ता झोपली असेल ती."