प्रस्तावित नियमांच्या आर्थिक परिणामांचे मूल्यमापन

खर्चाचा अंतर्भाव असलेले विधेयक संसदेत मांडताना त्यासोबत वित्तीय ज्ञापन जोडावे लागते. सरकारी तिजोरीवर पडणारा भार त्यात नमूद असतो. मात्र नियमाचे पालन करताना उद्योजक, व्यापारी व ग्राहक यांना काय सोसावे लागेल, याचा हिशेब त्यात नसतो. अधिसूचना निघण्यापूर्वी हा दुसरा हिशेब मांडणे, म्हणजेच प्रस्तावित नियमाच्या आर्थिक परिणामांचे मूल्यमापन होय.

हिशेब कच्चा राहिल्यास काय होते, हे ‘कॉल ड्रॉप’ प्रकरणात दिसून आले. मोबाइलवरील संभाषण मध्येच खंडित झाल्यास कंपनीने कॉल करणाऱ्या ग्राहकास एक रुपया, दिवसाला कमाल तीन रुपये, भरपाई द्यावी, असा विनियम भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) 16 ऑक्टोबर 2015 रोजी जारी केला. हेतू लोकहिताचाच होता. परंतु प्रत्येक वेळी दोष कंपनीचाच, असे त्यात गृहीत धरलेले होते. प्रत्यक्षात खंडित होणाऱ्या संभाषणांपैकी सरासरी 36.9 टक्के ग्राहकाच्या बाजूच्या कारणांमुळे खंडित होतात, असे खुद्द प्राधिकरणाच्या तांत्रिक टिपणातच म्हटले होते. आणि हे टिपण विनियमानंतर प्रसिद्ध झाले! कॉल ड्रॉपची दोन टक्क्यांची विहित मर्यादा पाळणाऱ्या कंपन्यांनाही भरपाईतून सूट नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. कुरियन जोसेफ व न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने 11 मे 2016 रोजी हा विनियम रद्दबातल ठरविला. आक्षेप मागविणे पुरेसे नाही, त्यांना सकारण उत्तर दिले पाहिजे, असे स्पष्ट करून न्यायालयाने संसदेस अमेरिकेच्या धर्तीवर कायदा करण्याचे सुचविले.

अमेरिकेत मसुदा प्रसिद्ध करून अभिप्राय मागविण्याची तरतूद 1946 च्या कायद्यात आहे. वार्षिक 10 कोटी डॉलर वा त्याहून अधिक परिणाम करणाऱ्या नियमांचे लाभ खर्चापेक्षा अधिक आहेत काय, हे तपासण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी 1981 मध्ये काढला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या 1993 च्या आदेशाने ही कसोटी सौम्य करून लाभांनी खर्चाचे समर्थन व्हावे, एवढीच अपेक्षा ठेवली. वाचलेले प्राण वा स्वच्छ हवा यांचे मोल पैशांत मांडणे कठीण असते, हे ध्यानात घेता हा बदल रास्तच म्हणावा लागेल.

भारतात 2014 च्या धोरणानुसार केंद्रीय मंत्रालयांनी कायद्यांचे व नियमांचे मसुदे किमान 30 दिवस जनतेपुढे ठेवून त्यांचे आर्थिक व सामाजिक परिणामही सांगणे अपेक्षित आहे. तथापि या धोरणास कायद्याचे बंधन नाही. भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाने 2018 मध्ये आपल्या विनियमांच्या मसुद्यासोबत आर्थिक विश्लेषण देण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले. रिझर्व्ह बँकेनेही मे 2025 मध्ये परिणामांच्या विश्लेषणाची चौकट जाहीर केली. मात्र ते ‘शक्य असेल तेथवर’ करावयाचे आहे. दोन्ही संस्थांनी अभिप्रायांसाठी किमान 21 दिवसांची मुदत ठेवली आहे. मोठ्या कंपन्यांच्या विधी सल्लागारांना ती पुरते. ज्या छोट्या व्यावसायिकास नियमाची खरी झळ बसते, त्याच्या हाती तोवर मसुदाही पडलेला नसतो.