स्विचबोर्डापुढील माणूस

इतिहास लिहितांना यंत्रांचीं नांवें आपण आदरानें नोंदतों. त्या यंत्रांपुढें बसलेल्या माणसांचीं नोंदण्याची संवय मात्र आपणांस नाहीं. ग्रॅहॅम बेलचें नांव शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. पण एकाचा शब्द दुसऱ्याच्या कानीं नेऊन घालणाऱ्या स्त्रिया कोण होत्या, हें पुसलें तर चांगला सुशिक्षित मनुष्यही अडखळतो.

प्रारंभीं अमेरिकेंत हें काम पोरसवद्या मुलग्यांकडे होतें. ते ग्राहकांशीं उद्धटपणें बोलत, म्हणून १८७८ च्या सप्टेंबरांत बोस्टन येथें एमा नट या तरुणीस नेमण्यांत आलें. आणि थोड्याच वर्षांत हा धंदा बायकांचा होऊन गेला. पुढें मोठमोठ्या हॉटेलांनीं खोलीखोलींत टेलिफोन बसविले, तेव्हां प्रत्येक हॉटेलाच्या पोटांत एक लहानसें एक्स्चेंजच निर्माण झालें. दिवा लागला कीं दोरीचें एक टोंक त्या भोकांत खुपसावयाचें, पाहुण्यास काय हवें तें विचारावयाचें, आणि दुसरें टोंक मागितलेल्या ठिकाणीं जोडून द्यावयाचें. वर्णन करतांना काम सोपें वाटतें. परंतु एकदम दहा दिवे लागले असतां आवाजांत त्रासाची छटाही उमटूं न देणें, मध्यरात्रीं आलेली दुःखाची बातमी पाहुण्याच्या खोलींत पोहोंचविणें, आणि कानीं पडलेलें कोठेंही न बोलणें, हें यंत्राला शिकवितां येण्याजोगें नव्हतें.

कॅन्सस शहरांत प्रेतसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्या स्ट्रोजर नांवाच्या गृहस्थानें १८९१ त स्वयंचलित एक्स्चेंजचें पेटंट मिळविलें. एक्स्चेंजमधील बाई आपलीं गिऱ्हाइकें प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, या संशयानें तो पेटला होता असें सांगतात. (संशय खरा असो वा खोटा, पुढें हजारों बायकांची नोकरी मात्र त्या शोधानें गेली!) हॉटेलांतील स्विचबोर्ड त्यानंतरही कित्येक दशकें माणसाच्याच हातीं राहिला.

मुंबईस टेलिफोन १८८२ त आला. आपल्याकडील एक्स्चेंजांत पुढें अँग्लो-इंडियन स्त्रियांचा मोठा भरणा झाला. पुण्यांत अण्णासाहेब कर्व्यांनीं १८९६ त अनाथ बालिकाश्रम काढला. १९०९ पासून रमाबाई रानड्यांचें सेवासदन चालूं लागलें. या संस्थांनीं शिक्षिका घडविल्या, परिचारिका घडविल्या. टेलिफोनचा धंदा मात्र आमच्या मध्यम वर्गाच्या डोळ्यांपुढें फार उशिरां आला. इंग्रजी संभाषणाची अट व रात्रपाळी हीं कारणें खरींच. पण आमच्या मतें मुख्य अडचण निराळी होती. शिक्षिकेचा आवाज वर्गाच्या चार भिंतींत राहतो. ऑपरेटरचा आवाज ओळखीपाळखीवांचून कोणाही पुरुषाच्या कानीं जातो, आणि तेवढ्यानें लोक काय म्हणतील या धाकानें कित्येक घरांतील कमाई उंबऱ्याच्या आंतच राहिली असली पाहिजे.

गंमत अशी कीं, समुद्रापलीकडचा संदेश पुण्याच्या दारावरूनच जात होता. १९२७ सालीं इंग्लंडशीं बिनतारी तारायंत्राची सेवा सुरू झाली, तिचें प्रक्षेपणकेंद्र खडकीस व ग्रहणकेंद्र दौंडास होतें. १९३३ पासून इंग्लंडशीं टेलिफोनवर बोलतांही येऊं लागलें. घरोघरच्या पुणेकरास मात्र मुंबईचा ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहण्याचाच परिचय अधिक. घाई असेल त्यानें जास्त पैसे मोजून 'अर्जंट' किंवा 'लाइटनिंग' म्हणावें आणि ऑपरेटरबाईंची मनधरणी करावी!

या कामाचें मोल कसोटीच्या वेळीं किती ठरलें, तें मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत दिसलें. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं तेथें हल्ला झाला, तेव्हां टेलिफोन ऑपरेटरांना हॉटेलबाहेर काढण्यांत आलें होतें. ते आपण होऊन परत आंत गेले. कारण बंद खोल्यांत अडकलेल्या पाहुण्यांना बाहेर काय चाललें आहे हें सांगणारें दुसरें कोणी नव्हतें, आणि दार उघडून बाहेर पडणारा मनुष्य सरळ बंदुकीपुढेंच जाण्याचा संभव होता. हार्वर्डचे प्राध्यापक रोहित देशपांडे व अंजली रैना यांनीं २०११ सालीं लिहिलेल्या लेखांत ही हकीकत नोंदली आहे. ऑपरेटरांनीं पाहुण्यांना टेलिफोन केले; निरोप एवढाच, कीं खोलीबाहेर पडूं नका.